गेज न लावलेला माल

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी इनकमिंगला आहे. बाहेरून आलेला माल आत घेण्याआधी तपासणं, एवढंच माझं काम. बुश असो की ब्रॅकेट, लॉटमधले नग उचलायचे, व्हर्निअर लावायचा, गो-नोगो गेज घालून बघायचा. बसला नाही तर नग लाल बिनमध्ये. पुरवठादार कितीही ओळखीचा असो, चहा पाजून जावो, गेज लावल्याशिवाय माल आत जात नाही. आमचे पार्ट पुढे चाकणला जातात. तिथली लाइन थांबली की फोन कुणाला येतो, हे या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको.

असा मी, आणि गच्चीवर बसणाऱ्या नऊ पोरांना सहा महिने इंटरनेटवरचं हाताला लागेल ते वाढत होतो. न तपासता. कारण ते फुकट होतं.

सुरुवात घरातूनच झाली. धाकटी तिसरीत, सेमी इंग्लिशला. गणिताचं पुस्तक इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, तोही पाचवीत एबीसीडी गिरवलेला. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, आपल्या पिंपरी-चिंचवडचेच प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. आमची तुकडी त्याआधीच पुढे सरकली होती. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून संध्याकाळी लेकीला घेऊन गच्चीवर बसायला लागलो; हळूहळू इमारतीतली बाकीची पोरंही येऊन टेकली. आम्ही रुपीनगरात राहतो. कुणाचे वडील लातूरचे, कुणाचे जळगावचे, एकाचे समस्तीपूरचे. फी घ्यायची नव्हतीच. मग खर्चही करायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पहिला दणका पैशाचाच बसला. एका ॲपवर सात दिवस मोफत होतं. गोष्टी, गाणी, चित्रं, सगळं झकास. सुरू करायला फक्त एक रुपया, यूपीआयवरून. टाकला पिन. दुसऱ्या दिवशी ॲप आवडलं नाही म्हणून फोनमधून काढूनही टाकलं. आठव्या दिवशी १,४९९ रुपये गेले. तो एक रुपया देताना मी ऑटोपेला होकार दिला होता, आणि ॲप काढलं तरी होकार जात नाही. तो आपल्या यूपीआय ॲपमध्ये वेगळा पडून असतो, तिथं जाऊनच रद्द करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी कळवावं लागतं. मला कळवलंही होतं. मी सेकंड शिफ्टला होतो, लोनच्या जाहिरातींसोबत तो मेसेजही वर ढकलला. भांडायला तोंडच नव्हतं.

मग व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर लिंक आली. मुलांसाठी पाच हजार इंग्रजी पुस्तकं, लगेच उतरवून घ्या, लिंक जाणार आहे. फोन रात्रभर चार्जिंगला लावून ती उतरवली. एका गुरुवारी त्यातलं एक काढलं. पुराच्या पाण्यात वाहून चाललेलं कुत्र्याचं पिल्लू आणि काठाकाठानं धावणारा मुलगा. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायचो, मग मराठीत सांगायचो. पोरं गुडघ्यांवर पुढे सरकत माझ्या मांडीला येऊन भिडली. पान उलटायला गेलो तर पुढे पानच नाही. कुणीतरी घाईत स्कॅन केलेलं, शेवटची चार पानं गायब.

"बच गया ना, अंकल?" समस्तीपूरवाल्यानं विचारलं.

वाचलं, मी म्हणालो. पण कसं वाचलं, हे पोरं पुढे तीन आठवडे विचारत होती आणि मी दर वेळी निराळं काहीतरी सांगत होतो.

त्या रात्री प्रथमच तो सगळा ढीग उघडून पाहिला. कुत्र्याच्या पिल्लाचं पुस्तक दुकानात विकत मिळणारं होतं, म्हणजे माझ्याकडचा माल सरळसरळ चोरीचा. मुलांच्या नावाखाली मोठ्यांची पुस्तकंही त्यात कोंबलेली. ती पोरांच्या हाती लागली नाहीत हे नशीब.

पण सगळ्यांत महाग पडलं ते तिसरं, जिथं ना खात्यातून पैसे गेले ना चोरी झाली. एका परदेशी संस्थेच्या वर्कशीट. स्वच्छ, देखण्या, खरोखर मोफत. चाळीस पानं काढली, दोन रुपयाला एक. चित्राखाली त्याचं नाव लिहायचं. एका पानावर मिटन होते. बर्फाच्या मुलखात पोरं घालतात ते चार बोटं एकत्र असलेले हातमोजे. आमच्यात दुसरीतली एक मुलगी आहे, वडील चाकणला वेल्डिंगला. गच्चीवर सगळ्यांत कमी बोलणारी. त्या दिवशी तिनं आपण होऊन पेन्सिल उचलली, चित्र राखाडी रंगवलं, बोटांपाशी ठिणग्यांचे काळे डागसुद्धा काढले, आणि खाली आपल्या अंदाजाच्या स्पेलिंगनं इंग्रजीत लिहिलं: हँडग्लोज.

मी उत्तराचं पान पाहिलं. तिथं मिटन होतं. लाल पेनानं फुली मारली.

पुढचे दोन गुरुवार ती आली नाही. जिन्यात तिची आई भेटली. म्हणाली, "सर, ती म्हणते मला इंग्लिश येतच नाही."

कंपनीत असं होतं कधी कधी. नग चांगला असतो, गेजही चांगला असतो, पण गेज दुसऱ्याच ड्रॉइंगचा उचललेला असतो. मग मीच तिच्या घरी गेलो, तिच्यासमोर फुली खोडली आणि एक वही काढली. पहिल्या ओळीत तिचा शब्द, शेजारी नुसतं ग्लव्ह्ज, आणि त्याच्या शेजारी मिटन. इंग्रजीत 'हँड' लावावं लागत नाही, हेही तिला तेव्हाच सांगितलं. पण बरोबर म्हणून सांगितलं, चूक म्हणून नाही. त्या वहीत आता कंपनीच्या गेटातून आमच्या घरांत आलेले दोनशेवर शब्द आहेत: शिफ्ट, ब्रेक, गेटपास, ओव्हरटाइम, सेफ्टी शूज, टिफिन. ही पोरं इंग्रजीच्या बाबतीत कोरी नव्हती. कोरं समजून मीच त्यांना बर्फ शिकवायला निघालो होतो.

आता काय वापरतो, ते सांगतो. सगळ्यांत आधी पोराचं स्वतःचं पाठ्यपुस्तक. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, आणि छापील पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपनं उघडता येतो. घरात असलेलं सोडून मी सहा महिने बाहेर शोधत होतो, याची लाज वाटते.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. २०१५ पासून चालू आहे. आमच्यासारख्यांसाठी याहून सोयीचं मला काही सापडलेलं नाही. एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि इंग्रजीतही. चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत संपते आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असल्यामुळे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून छापा, वाटा, भाषांतरही करा, चोरी होत नाही. मात्र तिथं कुणालाही भाषांतर टाकता येतं, त्यामुळे काही गोष्टींची भाषा अडखळते. गेज तिथंही लावायचाच.

गाणी आणि उच्चार ऐकवायला ब्रिटिश कौन्सिलचं मुलांसाठीचं संकेतस्थळ चांगलं आहे. यूट्यूब मी पोरांच्या हातात देत नाही. गोष्ट संपली की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आणि तो कोण निवडतो ते आपल्या हातात राहत नाही.

जरा मोठ्या पोरांना साहित्याची गोडी लावायची तर दोन खजिने आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही १९७१ चे. एक बालभारतीचं 'किशोर' मासिक, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. दुसरा अमेरिकेतला प्रोजेक्ट गुटेनबर्ग, हक्क संपलेल्या पुस्तकांचा साठा. त्यातल्याच जुन्या पुस्तकांचं मोफत वाचन लिब्रिव्हॉक्सवर ऐकायला मिळतं. वाचणारे हौशी असतात, एखादा आवाज रटाळ निघतो, आधी ऐकून घ्या. एक मात्र ध्यानात ठेवा: गुटेनबर्गवर अमेरिकेचा कायदा धरलेला असतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. ऑस्कर वाइल्ड १९०० मध्ये गेले, त्यांचा 'हॅपी प्रिन्स' बिनघोर छापा. एनिड ब्लायटन १९६८ मध्ये गेल्या. त्यांच्यासाठी २०२८ संपेपर्यंत थांबा, नाहीतर लायब्ररीतून आणा. ही जुनी इंग्रजी तिसरी-चौथीच्या पोराच्या हातात थेट देऊ नका, जड जाते. 'हॅपी प्रिन्स' मी आधी मराठीत सांगितला, शेवटपर्यंत, आणि पुढच्या गुरुवारी त्यातली फक्त सहा वाक्यं इंग्रजीत घेतली. पुतळ्याच्या डोळ्यातलं रत्न चिमणपाखरू काढून नेतं, तिथं वेल्डरची लेक म्हणाली, "त्याला चष्मा द्यायचा ना, पप्पांसारखा."

एका गोष्टीवर आम्ही आता तीन गुरुवार काढतो. पाच हजार पुस्तकांचा तो ढीग पुसून टाकला. आठवड्याला एक गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आधी मी बसमध्ये वाचतो. पानं पूर्ण आहेत का, चित्रातली वस्तू पोरांनी पाहिलेली आहे का, आणि नसेल तर मला ती दाखवता येईल का, एवढं बघतो. त्यात बरंच लाल बिनमध्ये जातं.

आणि हो, आज जेवण झालं की तुमचं यूपीआय ॲप उघडून ऑटोपेच्या यादीत एकदा डोकावा. मी डोकावलो तेव्हा माझा आणखी एक होकार तिथं सापडला होता, महिना ४९ रुपयांचा. कशाचा, ते अजून आठवलेलं नाही.