शेतीकर्जाची मध्यस्थी व न्यायालयाचा अंकुश

इ. स. १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत शेतजमिनीचे भाव कोसळले, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जमिनी हातच्या जाऊ लागल्या. तेव्हा मिनेसोटा राज्याने १९८६ मध्ये शेतकरी व धनको यांच्यातील मध्यस्थीचा कायदा केला. त्याची व्यवस्था तेथील विद्यापीठाच्या कृषिविस्तार सेवेकडे सोपविण्यात आली, हे ग्रामसेवकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु बैठकीस नुसते येऊन बसणे म्हणजे मध्यस्थी नव्हे. कारणावाचून वारंवार गैरहजर राहणे, देण्याघेण्याचा हिशेब दडविणे, कर्जाची फेरबांधणी का मान्य नाही हे धनकोने लेखी न देणे, हे सर्व कायद्याने अप्रामाणिक वर्तन ठरते. निर्णयाचा अधिकार नसलेला माणूस बँकेने पाठविला, तर तेही त्यातच मोडते. (असे पाहुणे आपल्याकडेही अपरिचित नाहीत!) मध्यस्थाने तसे शपथपत्र दिले, म्हणजे शेतकऱ्यास न्यायालयाकडे जाता येते. न्यायालय आपल्या देखरेखीखाली ६० दिवसांपर्यंत मध्यस्थी घडविते; तोवर वसुली बंद. एवढ्यावरही धनको वठणीवर न आल्यास त्याची वसुली आणखी १८० दिवस थोपविता येते.

मात्र तडजोडीस नकार देणे हा अपराध नव्हे. कारण दाखवून नकार देता येतो. आणि शेतकऱ्यानेच टाळाटाळ केली, तर त्याचे संरक्षण जाऊन धनकोस वसुली करण्यास मोकळीक मिळते. म्हणून त्यानेही कर्जाचे कागद व शेतीचा जमाखर्च बरोबर न्यावा लागतो. तो मांडण्यासाठी हिशेबाचा जाणकार देण्याची तरतूद याच कायद्यात आहे.