वाणी, लेखणी आणि आश्रय

जुन्नर-आंबेगावच्या मुलखात पुराण व कीर्तन कोणास ठाऊक नाही? नभोवाणी निघण्यापूर्वी धर्मवचन गावोगाव पोहोचविण्याचे काम पुराणिक व कीर्तनकारच करीत. आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगाव येथे ज्यांनी मुक्तिसदन उभारले, त्या पंडिता रमाबाईंच्या कार्याचा उगम याच व्यवसायात आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. पिता अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी सहकुटुंब पुराणे सांगत. पुढे दुष्काळात अन्नावाचून आईबाप निवर्तले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८२ साली वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

वाणीस त्यांनी लेखणीची जोड दिली. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी अनेक निराधार मुली व विधवा आणल्या. असहाय मुलींवर दुर्जनांची नजर कशी असते, हे त्यांनी तेथे पाहिले.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिले. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे लिहिणे साफ चुकीचे ठरविले. तरीही रमाबाईंनी आपले म्हणणे सोडले नाही.

ज्या स्त्रियांना समाज 'पतित' म्हणून दूर लोटी, त्यांच्यासाठी केडगावी कृपासदन निघाले. पीडितेस दोष देण्याऐवजी तिला घर, शिक्षण व उद्योग द्यावा, हा रमाबाईंचा बाणा होता. आश्रमाच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या.

पालकांनीही यातून बोध घ्यावा. मूल आपल्यावरील अत्याचार सांगू लागले, तर घराण्याच्या नावासाठी त्याचे तोंड दाबू नये. त्याचे शांतपणे ऐकावे. २०१२ च्या कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. मुलांनो, १०९८ या क्रमांकावर तुम्हांसही साह्य मागता येते. सांगणाऱ्याचा दोष नसतो, हे पक्के ध्यानी ठेवा.