एका लेखाची पाच पानं

मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर प्रस्तुत लेखिकेने लिहिलेला दीर्घ लेख एका मराठी पोर्टलवर आला तो पाच पानांत तोडून, तिला न विचारता. पहिल्या पानावर नगर-नाशिकच्या शेतकऱ्यांचं म्हणणं आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्यामागचा २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा थेट दुसऱ्या पानावर. मग व्हायचं तेच झालं. मराठवाड्यातून फोन आले, ‘ताई, तुम्हीसुद्धा त्यांचीच बाजू घेतलीत?’ दुसरं पान उघडलंत का, असं ती विचारी. कोणी उघडलेलं नसे. ‘पुढील पान’ हे बटण दोन जाहिरातींच्या मधे दडलेलं. लेख तिथेच संपला असं लोकांना वाटलं.

संपादकांनी दिलगिरी तर नाहीच, उलट पेज व्ह्यूजचा वाढलेला आकडा तिच्यापुढे धरला. एकाच माणसाने तीन पानं उघडली म्हणून तो तीन वाचक होत नाही, हे त्यांना ऐकायचंच नव्हतं. लोक स्क्रोल करत नाहीत, हे त्यांचं दुसरं पालुपद. वेबच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी स्वतःचं हे जुनं मत १९९७ सालीच बदललं होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१४च्या नव्या रचनेत लेख पानापानांत तोडणं बंद केलं.

खरा घाव पुढेच होता. कायद्याचं नाव घालून शोधलं तरी गूगलवर लेख सापडेना. पाचही पानांना पहिल्या पानाचाच कॅनॉनिकल पत्ता दिलेला होता, म्हणजे बाकीची पानं पहिल्याची नक्कल आहेत असं पोर्टलनेच गूगलला सांगितलं होतं! पानं वेगळी ठेवायचीच तर प्रत्येकाला स्वतःचा कॅनॉनिकल पत्ता हवा, नाहीतर सगळ्यांनी संपूर्ण लेखाच्या एका पानाकडे बोट दाखवावं. मागचं-पुढचं पान जोडणाऱ्या ‘नेक्स्ट-प्रिव्ह’ खुणांवर विसंबू नये. गूगलने त्या २०११मध्ये आणल्या आणि आपण त्या वापरत नसल्याचं २०१९मध्ये सांगितलं.

फोटोंनी पान जड होत असेल तर वाचक खाली येईल तसे फोटो उघडू द्यावेत. मजकूर तोडायचं ते कारण नव्हे. वर अनुक्रमणिका द्यावी. छपाईची सोय ठेवावी.

तोडणं कधी शोभतंही. ‘स्नो फॉल’ या २०१२च्या गाजलेल्या वृत्तलेखाचे सहा भाग होते, पण तो तोडला होता कथेच्या सांध्यावर. एका बाजूचा युक्तिवाद एका पानावर आणि त्याचं उत्तर दुसऱ्यावर, असं मात्र कधीही करू नये.

लिहिणाऱ्यांनी लेख देण्याआधीच लेखी विचारावं: पानं किती, तोडणार कुठे, ठरवणार कोण? त्या पोर्टलने या प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत. लेखिकेने त्यांना पुन्हा लेख दिलेला नाही.