राष्ट्रपतींच्या दारात कोण जाऊ शकतो? अनुच्छेद ३६१ चा एक पाठ

संविधान दिनाच्या आठवड्यात नववीच्या वर्गावर अनुच्छेद १४ शिकवीत होतो. कायद्यापुढे सर्व समान, एवढे फळ्यावर लिहून होते न होते तोच मागच्या बाकावरील एका निवासी विद्यार्थिनीने हात वर केला. तिचे आईवडील दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. ती म्हणाली, "सर, उचल फिटली नाही तर मुकादम आमच्या दारात येतो. राष्ट्रपतींनी कुणाचे पैसे बुडवले तर त्यांच्या दारात कोण जाऊ शकतो?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण इतकी वर्षे नागरिकशास्त्र शिकवूनही नेमके उत्तर मला त्या तासाला देता आले नाही. "राष्ट्रपतींना संरक्षण असते" असे मोघम सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर अर्धवट होते. उरलेला अर्धा भाग या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

हे संरक्षण संविधानाच्या अनुच्छेद ३६१ मध्ये आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल आपल्या पदाचे अधिकार वापरताना जे करतात, त्याबद्दल ते कोणत्याही न्यायालयाला व्यक्तिशः उत्तरदायी नाहीत. पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी कार्यवाही चालत नाही आणि त्यांच्या अटकेचा हुकूम निघत नाही. आपली पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. परंतु त्याच अनुच्छेदाचा चौथा खंड दिवाणी दाव्याविषयी आहे. व्यक्तिगत नात्याने केलेल्या कृत्याबद्दल, मग ते पदग्रहणापूर्वीचे असो वा नंतरचे, पदावरील राष्ट्रपतींविरुद्ध किंवा राज्यपालांविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो. अट एकच: दोन महिने आधी लेखी नोटीस दिली पाहिजे. दाव्याचे स्वरूप, दाव्याचे कारण, दावा लावणाऱ्याचे नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण आणि मागितलेली दाद, एवढे तिच्यात असावे लागते. मुदतीच्या कायद्याप्रमाणे नोटिशीचा हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. म्हणजे थांबावे लागले म्हणून हक्क बुडत नाही.

या खंडाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ३०६ ने गव्हर्नर जनरल आणि गव्हर्नर यांच्याविरुद्ध हिंदुस्थानातील कोणत्याही न्यायालयाचे दार, व्यक्तिगत नात्यानेसुद्धा, बंद केले होते. तिकडे इंग्लंडमध्ये १९४७ च्या कायद्याने सरकारवर दावा लावण्याची वाट मोकळी झाली, पण राजाची व्यक्तिशः मुक्तता कायम राहिली. संविधानाचा मसुदा सादर करताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे असे स्पष्ट केले होते. मान राजाचा, तरीही राजाला असलेली ही मुक्तता राष्ट्रपतीला दिली गेली नाही. १९३५ च्या कायद्यातील पुष्कळ तरतुदी संविधानात उतरल्या, ही टीका आपण नेहमी ऐकतो. इथे मात्र जुने दार तसेच बंद न ठेवता त्याला एक कडी बसविली गेली आणि ती उघडण्याची रीत सामान्य माणसाच्या हाती दिली गेली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो.

पदावरील व्यक्ती न्यायालयात आल्याने पद लहान होत नाही, याचा दाखलाही आपल्याकडे आहे. १९६९ च्या निवडणुकीला आव्हान देणाऱ्या याचिकेत राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्वतः उपस्थित राहून साक्ष दिली. याचिका फेटाळली गेली आणि गिरी आपल्या कामाला लागले.

आता आपल्या राज्याच्या राजभवनाशी संबंधित प्रकरण पाहू. भगतसिंह कोश्यारी हे उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री. तेथील उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये माजी मुख्यमंत्र्यांनी वापरलेल्या सरकारी बंगल्यांचे बाजारभावाने भाडे भरावे असा आदेश दिला. कोश्यारी यांच्या नावे सुमारे ४७ लाख रुपये निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. माजी मुख्यमंत्र्यांना सवलत देणारा कायदा राज्याने केला. तो उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये रद्द ठरविला. पैसे भरले गेले नाहीत म्हणून मूळ याचिकाकर्त्या संस्थेने अवमान याचिका दाखल केली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने कोश्यारी यांना नोटीस काढली. ते अनुच्छेद ३६१ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. भाड्याचा दर अवाजवी आहे आणि तो ठरविताना आपले म्हणणे ऐकले गेले नाही, अशीही त्यांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०२० रोजी अवमानाच्या कार्यवाहीला स्थगिती दिली.

स्थगिती म्हणजे निकाल नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. दराबद्दलची तक्रार खरीही असू शकेल. परंतु घरभाडे ही शुद्ध व्यक्तिगत बाब आहे आणि तीही राज्यपालपदाच्या आधीची. अशा देण्यापुढे पदाची ढाल धरावी काय? माझ्या मते धरू नये. दर चुकला असेल तर दराविरुद्ध भांडावे. त्यासाठी राजभवनाची गरज नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न बिल क्लिंटन यांच्यासंबंधी उभा राहिला. आर्कान्साचे गव्हर्नर असतानाच्या गैरवर्तनाबद्दल पॉला जोन्स यांनी १९९४ मध्ये त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. अध्यक्षपद संपेपर्यंत दावा थांबवावा ही क्लिंटन यांची मागणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये एकमताने नाकारली. अध्यक्षांचा फारसा वेळ त्यात जाणार नाही, असा न्यायालयाचा अंदाज होता. तो साफ चुकला. त्याच दाव्यातील साक्षीतून पुढे महाभियोगापर्यंत मजल गेली, जरी सिनेटने त्यांना दोषमुक्त केले. १९९८ च्या अखेरीस साडेआठ लाख डॉलर देऊन दाव्यात तडजोड झाली. विरोधक म्हणतात, पाहा, देशाचा कारभार खोळंबला. मला वाटते, खोळंबा दाव्याने केला नाही, खोट्या साक्षीने केला. त्या साक्षीबद्दल १९९९ मध्ये, ते अध्यक्ष असतानाच, जिल्हा न्यायाधीशांनी त्यांना अवमानाचे दोषी ठरविले.

राजकीय सूडापोटी खोट्या दाव्यांचा पाऊस पडेल, ही शंका अगदीच निराधार नाही. आपल्याकडील दोन महिन्यांची नोटीस त्यासाठीच आहे असे मी समजतो. तेवढ्यात देणे देता येते, तडजोड होते, वकिलाचा सल्ला घेता येतो. मला खरी अडचण दिसते ती दुसऱ्या खंडात. २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या राजभवनातील एका महिला कर्मचाऱ्याने राज्यपालांवर विनयभंगाचा आरोप केला. राज्यपालांनी तो नाकारला. खरेखोटे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण फौजदारी संरक्षणामुळे ते न्यायालयालाही पदाच्या काळात ठरविता येत नाही. त्याच राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांविरुद्ध बदनामीचा दिवाणी दावा मात्र लावला. न्यायालयाचे दार एका बाजूने उघडे आणि दुसऱ्या बाजूने बंद, ही स्थिती समतेत बसत नाही. त्या महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये या संरक्षणाची व्याप्ती तपासण्याचे मान्य केले.

आपल्या प्रार्थनासभेत वर्षावासाच्या समाप्तीला पवारणेची कथा सांगितली जाते. श्रावस्तीच्या पूर्वारामात तथागतांनी पाचशे भिक्खूंसमोर स्वतः विचारले की माझ्या काया-वाचेच्या वर्तनात तुम्हांला काही दोष दिसतो काय. सारिपुत्तांनी दोष नाही असे उत्तर दिले. उत्तरापेक्षा मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. संघात सर्वांत उंच आसनावर असलेल्याने तो आधी विचारला, आणि मग सारिपुत्तांनीही तोच प्रश्न स्वतःविषयी विचारला.

पुढच्या तासाला मी त्या मुलीची माफी मागितली आणि वर्गाला गृहपाठ दिला: एका काल्पनिक राज्यपालांनी तुमच्या वडिलांकडून पाच हजारांची ज्वारी घेतली, पैसे दिले नाहीत, नोटीस लिहा. बहुतेकांनी रक्कम ठळक लिहिली. तिघांनी नोटिशीला अर्जासारखे "कृपा व्हावी" जोडले, ते मी खोडले. अर्ध्या वर्गाने स्वतःचा पत्ताच लिहिला नव्हता. त्या मुलीने मात्र लिहिला होता आणि पुढे कंसात जोडले होते: ऊसतोडीच्या काळात घर बंद असते, उत्तर वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवावे.