देवाने सांगितलं, असं म्हणण्याआधी

पाचोरा
कापूस वेचणीचे दिवस

चि. बाळास मामाचा प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. चार पानांत ‘देवाने मला स्पष्ट दाखवलं’ हे वाक्य इतक्यांदा आलंय की तुझी मामी म्हणाली, पोराला मंडळीच्या पंचांनी फारच छळलेलं दिसतंय. मला वेगळीच काळजी वाटली, म्हणून लगेच लिहायला बसलो.

कंपाउंडमधली जुन्या बंगल्यामागची जागा विकायची आणि त्या पैशात महामार्गालगत मोठा हॉल बांधायचा, हा तुझा बेत. पंच नको म्हणतात. देवाची इच्छा त्यांच्या गळी कशी उतरवावी, हे तू मला विचारतोस. हॉल हवा की नको यावर मी काही बोलणार नाही. मी तिथे राहत नाही, तुमची हजेरी मला ठाऊक नाही आणि आपल्या लोकांच्या खिशात काय असतं हे तुलाही ठाऊक आहे. मला बोलायचंय ते त्या वाक्यावर.

पाळकाने बैठकीत ते वाक्य उच्चारलं की बैठक तिथेच संपते. छपराला किती लागतील, कर्ज कोण फेडणार, म्हातारी माणसं महामार्ग कशी ओलांडणार, हे विचारणारा माणूस एकदम देवाच्या विरोधात उभा राहिल्यासारखा दिसतो. मग तो गप्प बसतो. घरी जाऊन बोलतो, आणि पुढच्या रविवारी येत नाही. आपल्या मंडळीत एक आजी होत्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. एका तरुण पाहुण्या पाळकाने असंच काहीसं जाहीर केलं, तेव्हा त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘भाऊ, देवनी तुले सांगं, मंग आमले काबर नही सांगं?’ सगळे हसले. तो पाळक मात्र हसला नाही, आणि त्याने उत्तरही दिलं नाही. तुझ्या पंचांना बहुधा हेच विचारायचंय. तुझ्याकडे उत्तर आहे का, ते बघ.

सेमिनरीत तुला यिर्मया शिकवला असेल. बेचाळिसावा अध्याय पुन्हा काढ. यरुशलेम पडलंय, सुभेदार गदल्याचा खून झालाय, उरलेले लोक घाबरलेत. योहानान आणि त्याचे सरदार संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, देवाला विचार. तो गोड सांगो की कडू, आम्ही ऐकू. यिर्मयाकडे त्या क्षणी उत्तर नसतं. ते दहा दिवसांनी येतं: इथेच राहा, मिसरात जाऊ नका. ऐकताच तेच लोक उसळतात, तू खोटं बोलतोस, तुझ्या लेखनिकाने, बारूखाने, तुला फूस लावली. कारण प्रश्न विचारायला येतानाच त्यांची मिसरची बोचकी बांधून तयार होती. त्यांना मार्गदर्शन नको होतं, शिक्का हवा होता. प्रार्थनेला बसताना तू स्वतःला एवढं विचार: उत्तर ‘नाही’ असं आलं, तर मी हा बेत सोडेन का? नसेन सोडणार, तर ती प्रार्थना कितीही लांबली तरी योहानानाचीच. आणि संदेष्टा असूनही यिर्मया दहा दिवस थांबला, हेही ध्यानात ठेव. आपल्याला रात्री वाटलं की सकाळी पंचांना फोन जातो.

पौलाचं तू उदाहरण दिलंयस, मासेदोनियाच्या माणसाचं. बरं झालं दिलंस. प्रेषितांच्या कृत्यांतल्या त्या अध्यायात आधी दोन दारं बंद होतात. आशियात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियात जाऊ दिलं जात नाही. मग त्रोवसात रात्री दृष्टान्त होतो. तो एकट्या पौलाला झाला. पण त्याचा अर्थ काय आणि निघायचं का, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, असंच लूक लिहितो. पुढे फिलिप्पैत पोचल्यावर ज्याने बोलावलं होतं तो माणूस काही भेटला नाही. नदीकाठी बायका भेटल्या, लुदिया भेटली, आणि त्यानंतर तुरुंग. मार्गदर्शन खरं असलं तरी ते आपल्या मनातल्या चित्राबरहुकूम उतरत नाही, एवढं त्यावरून कळतं.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण हवं असेल, तर केडगावला जाऊन ये. पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं. पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याकडे चमत्कारासारखं घेतलं जातं, पण वाट कशी सापडली ते कोणी नीट सांगत नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. बेत होता वरच्या जातीच्या बालविधवांना शिकवण्याचा. अमेरिकेतल्या मदतीची मुदत दहा वर्षांची, म्हणून पुढची सोय व्हावी यासाठी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावली, विहिरी खणल्या. हे हिशेबी बाईचं काम. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. विशीच्या आत असताना तिने स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेले, त्यामुळे उपाशी मुली म्हणजे काय हे तिला वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती. ती मध्य प्रांतात गेली आणि मुली घेऊन आली. त्यात कुठल्याही जातीच्या होत्या, सगळ्या विधवाही नव्हत्या; म्हणजे मूळ बेतात बसणाऱ्या नव्हत्याच. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग. सरकारी निर्बंधांमुळे शहरात जास्त मुली ठेवता येईनात, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतात नेलं. मुक्ती मिशन असं उभं राहिलं.

आता सांग, यात देवाचं बोलावणं कोणतं? जुनं दुःख, समोरची भूक, हिशेबाने घेतलेली जमीन आणि प्लेगचा सरकारी हुकूम. हे चारही बाजूला ठेवून नुसती ‘तिला वाणी झाली’ अशी गोष्ट सांगितली की ऐकायला गोड लागते, पण तुझ्यासारख्या पाळकाच्या ती काही कामाची नाही. ती बाई पहाटे तासन् तास प्रार्थना करायची याबद्दल वाद नाही. पण विहीर खणणं ती प्रार्थनेच्या बाहेरचं काम समजत नव्हती.

तू म्हणशील, रमाबाईंनी तरी कुठे कोणाचं ऐकलं? खरंय. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी तिचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात धर्मगुरू म्हणतील ते डोळे मिटून मानायला तिने चक्क नकार दिला. पण आपला विवेक राखणं वेगळं आणि दुसऱ्याच्या विवेकावर बसणं वेगळं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ते सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो या आक्षेपावरून. बरोबर कोण होतं यावर अजून वाद घालता येतो. मी रमाबाईंच्या बाजूने थोडा झुकलेला आहे, हे कबूल. तरी पुढाऱ्याच्या श्रद्धेचं ओझं हाताखालच्यांवर किती पडतं, हा प्रश्न त्या मंडळींनी फुकाचा काढला नव्हता.

आणि टिळक. रेव्हरंड टिळकांना १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर काही वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्याकडे आहे. उपदेशासाठी उतारे शोधायला नको, नुसतं वाच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही त्यात जागा. फार मोठी कल्पना होती. ९ मे १९१९ ला ते गेले, आणि दरबार काही त्यांच्यामागे टिकला नाही. म्हणून त्यांना आलेली हाक खोटी होती, असं मी म्हणणार नाही. पण हाक टिळकांना यायची आणि चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची असायची, हे विसरायचं नाही. तुझ्या प्रत्येक ‘दाखवलं’मागे अशी एक चूल आहे. सूनबाईला या हॉलबद्दल काय वाटतं, हे तुझ्या चार पानांत एकदाही आलेलं नाही.

आता व्यवहाराचं. तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. दृष्टान्त झाला असला तरी लागते. त्यासाठी विश्वस्तांचा ठराव लागतो, आणि विक्री न्यासाच्या हिताची कशी हे पटवावं लागतं. मला तर ही अट देवाने ठेवल्यासारखी वाटते. कारण ‘ही विक्री हिताची कशी’ हेच तुझे पंच विचारतायत. त्यांना कागदावर उत्तर दे. ऑडिट झालेलं आहे ना, ते आधी बघ.

दुसरं म्हणजे बुधवारच्या प्रार्थनासभेला बायका डुलक्या घेतात, अशी तुझी तक्रार. अरे, त्या दिवसभर किलोवर कापूस वेचून येतात. आमच्या इथल्या एकीच्या बोटांना बोंडांची टोकं टोचून चिरा पडल्यात. पवित्र शास्त्राचं पान ती करंगळीच्या कडेने उलटते. सभा तासाऐवजी वीस मिनिटांवर आण आणि वेचणी संपेपर्यंत उपदेश बंद ठेव. एका संध्याकाळी स्वतः न बोलता त्यांनाच विचार की मंडळीला आत्ता कशाची गरज आहे. हॉलचं नाव काढू नकोस. काय निघतं ते वहीत लिहून ठेव. प्रेषितांची कृत्ये सहामध्ये विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही. सगळ्यांना बोलावलं आणि माणसं निवडायला त्यांनाच सांगितलं.

नहेम्यासारखं कर. त्याने किसलेव महिन्यापासून निसानपर्यंत प्रार्थना केली, मग राजाकडून पत्रं आणि लाकूड मागून घेतलं, आणि यरुशलेमात पोचल्यावर कोणाला काही न सांगता रात्री तटाभोवती फिरून मोडतोड पाहिली. बोलला त्यानंतर. तूही आधी जुन्या प्रार्थनामंदिराचं छप्पर चढून बघ. दुरुस्तीला काय लागेल याचा अंदाज एखाद्या बाहेरच्या मिस्त्रीकडून घे, मंडळीतल्या नको.

नाताळच्या धांदलीआधी दोन दिवस पाचोऱ्याला येऊन जा, सूनबाईला घेऊन. भरताची वांगी निघालीत, मामी शेतातच भाजू म्हणते. येताना जागेचं प्रॉपर्टी कार्ड, न्यासाची घटना आणि ती वही आण.

तुझा
मामा