जीपची वाढती उंची आणि कायद्याची मर्यादा

डोंगराळ मुलखात, पावसाळ्यातील चिखलवाटांवर आणि ओढ्यानाल्यांच्या उतारांवर जीप व तत्सम फोर-व्हील ड्राइव्ह वाहने फार उपयोगी पडतात. अलीकडे मात्र अशा वाहनांना मोठे टायर बसविण्याची आणि स्प्रिंगखाली ठोकळे घालून त्यांची उंची वाढविण्याची हौस खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्यात वाहनात बसणाऱ्यांची व रस्त्यावरील इतरांची सुरक्षितता गुंतलेली आहे. म्हणूनच यासंबंधीचा कायदा आणि त्यामागील कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी इंजिनात करावयाचे बदल, तसेच अपंग व्यक्तींसाठी करावयाचे बदल यांना विहित अटींवर मुभा आहे. अनुज्ञेय फेरफार केल्यावर तो 14 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा लागतो.

केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी निर्णय देताना, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी अधिनियमातील सुधारित कलम 182-अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली.

मर्यादा कशासाठी?

कोणत्याही वाहनाचा नमुना बाजारात येण्यापूर्वी त्याची केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक होय. ब्रेक, सुकाणू, दिवे व टायर यांचा परस्परमेळ त्या चाचणीत पाहिला जातो. पुढे एखाद्या गॅरेजमध्ये त्यांतील एक भाग बदलला, की तो मेळ बिघडतो.

एक उदाहरण पाहू. 215/75 आर 15 या टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर असतो. त्याजागी 31 इंच, म्हणजे सुमारे 787 मिलिमीटर व्यासाचा टायर बसविला, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाहन सुमारे 12 टक्के अधिक अंतर कापते. मूळ टायरवर काटा अचूक असेल, तर आता तो 80 दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग जवळजवळ 90 किलोमीटर असतो. ब्रेक तोच राहिल्याने पेडलवरील तेवढ्याच दाबाने जमिनीवर मिळणारे रोधक बल सुमारे 11 टक्क्यांनी घटते. वेग अधिक आणि रोध कमी, अशी ही दुहेरी हानी आहे.

उंचीवाढीचे गणितही असेच आहे. दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर दीड मीटर व गुरुत्वमध्याची उंची 75 सेंटिमीटर असेल, तर निम्मे अंतर भागिले उंची हे स्थैर्याचे प्रमाण 1 येते. गुरुत्वमध्य 10 सेंटिमीटर वर गेला, की ते 0.88 वर येते. घाटाच्या वळणावर गाडी उलटण्याचा धोका त्यामुळे वाढतो. शिवाय दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि टक्कर झाल्यास उंच बंपर लहान मोटारीच्या संरक्षक भागावरून जाऊ शकतो.

काय करावे?

टायर बदलताना उत्पादकाच्या पुस्तिकेत त्या वाहनासाठी दिलेल्या मापांतूनच निवड करावी. भारक्षमता आणि वेगमर्यादेचा संकेत मूळ टायरपेक्षा कमी नसावा. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास तो बदलणे नियमाने आवश्यक आहे. चिखलात चाक फसते म्हणून गाडी उंच करण्यापेक्षा, टायरची नक्षी योग्य आहे ना, हे पाहणे अधिक हिताचे. जुनी जीप विकत घेताना नोंदणी प्रमाणपत्र व प्रत्यक्ष वाहन ताडून पाहावे; शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

शाळेच्या सहलीसाठी किंवा ग्रामपंचायतीच्या कामासाठी खाजगी वाहन ठरविताना परवाना व विमा यांच्याबरोबर वाहनाच्या मूळ स्वरूपाचीही खात्री करून घेणे हे संबंधितांचे कर्तव्य आहे. बेकायदा फेरफारामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडचणी येऊ शकतात. वाहनाचा रुबाब चार दिवसांचा असतो. त्यात बसलेली माणसे सुखरूप घरी पोहोचणे महत्त्वाचे.