जुन्या ट्रकचे पुढचे पाटे आणि किंगपिन : हंगामाआधी काय पाहावे



गळीत हंगाम संपला की आपले ट्रकमालक सभासद गाडी धुतात, लिंबाखाली उभी करतात आणि विसरतात. दसऱ्याला बॅटरी चढवायची, हार घालायचा, गाडी चालू झाली की टोळी आणायला पाठवायची. "चालू झाली की, आता काय बघायचं राहिलं?" असे वर विचारतात. गाडी चालू होणे हे इंजिनाचे काम झाले. भरलेली गाडी रस्त्यावर सरळ राहणे हे पुढच्या पाट्यांचे, शॅकलचे आणि किंगपिनचे काम आहे, आणि ते खाली वाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. या वेळी तेवढ्याच भागाविषयी लिहीत आहोत.

आता ट्रॅक्टर-ट्रॉल्या पुष्कळ झाल्या, तरी जुने ट्रक अजून उसाला आहेतच. त्यांत बरेचसे टाटाचे. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. तो करार १९६९ साली संपला. पुढे नावे बदलली, तोंडवळा बदलला, इंजिने बदलली. पण पुढे घडीव आय-बीम अ‍ॅक्सल, त्यावर दोन बाजूंना पाट्यांचे जुडगे आणि टोकांना किंगपिन, ही जुनी ठेवण कायम राहिली. लेलंडच्या जुन्या गाड्यांचीही तीच. म्हणून एक समजली की सगळ्या समजतात.

आधी आमची स्वतःची चूक सांगतो. काही हंगामांपूर्वी एका सभासदाची गाडी आमच्याकडे आली. डाव्या बाजूचा मेन पाटा मोडलेला. गाळप जोरात, गाडी थांबली तर टोळी बसून राहणार, म्हणून आम्ही रातोरात पाटा बदलला. यू बोल्ट मात्र जुनेच घातले. आटे गंजलेले, नट अर्ध्यावर अडत होता. पान्याला पाइप लावून दोघांनी ओढला. नट पुढे सरकेना, तेव्हा घट्ट बसला असे आम्ही धरले. तो घट्ट बसला नव्हता, गंजात अडकला होता. मालक म्हणाले, "मिस्त्री, नीट बघा हं, वर बायका-पोरं बसत्यात." आम्ही म्हणालो, "काय होत नाही दादा, घेऊन जावा."

चौथ्या दिवशी कालव्याच्या पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने ब्रेक दाबला. अ‍ॅक्सलची डावी बाजू मागे सरकली, स्टिअरिंग हातातून फिरले आणि गाडी साइडपट्टी सोडून उसात शिरली. चार हात पुढे कालवा होता. टोळीतल्या एका बाईचा हात मोडला, बाकीचे वाचले. भरलेल्या गाडीवर माणसे बसू नयेत हे खरे, पण बसतात, आणि हे आम्हालाही माहीत होते. खाली जाऊन पाहिले तर सेंटर बोल्ट कातरीने कापावा तसा तुटलेला.

हे कसे झाले ते नीट समजून घ्या. पाट्यांच्या जुडग्याच्या मधोमध सेंटर बोल्ट असतो. त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसते. पुष्कळांना वाटते अ‍ॅक्सल तोच धरून ठेवतो. तसे नाही. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. अ‍ॅक्सल आणि पाटे एकमेकांवर आवळून धरतात ते यू बोल्ट. ते ढिले झाले की ब्रेकचा, खड्ड्याचा सगळा हिसका त्या बारक्या सेंटर बोल्टावर येतो आणि तो तुटतो. नाहीतर पाटा मधल्या भोकातून मोडतो. म्हणून मोडलेला पाटा भंगारात टाकण्याआधी कुठे मोडला ते बघा. मधल्या भोकाशी मोडला असेल तर यू बोल्ट ढिले होते असे बहुधा समजावे, आणि नुसता पाटा बदलून भागणार नाही. डोळ्याजवळ किंवा मध्ये कुठे मोडला असेल तर जादा भार, खड्डा किंवा गंज.

डाव्या बाजूचे पाटे आधी जातात असा आमचा अनुभव आहे. आपण डावीकडून चालतो, आणि समोरून गाडी आली की डावे चाक डांबर सोडून खाली उतरते. तेव्हा तपासणी डावीकडून सुरू करा.

तपासणीला फार हत्यारे लागत नाहीत. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वर बॉडीपर्यंतचे अंतर दोरीने मोजा. एक बाजू बसलेली असेल तर तिकडचे पाटे मेले आहेत किंवा आतला एखादा मोडला आहे. मधला पाटा मोडला तरी वरचे-खालचे त्याला झाकून ठेवतात, सहज दिसत नाही. पाट्यांमधून लाल भुकटी येत असेल, एखादा पाटा बाजूला सरकला असेल, यू बोल्टाखाली अ‍ॅक्सलवर चकाकणारी घासलेली रेघ असेल, तर तिथे हालचाल चालू आहे. चासीला पाट्याची ब्रॅकेट जिथे रिवेटने बसवली आहे तिथे रिवेटभोवती गंजाचा ओघळ दिसला तर रिवेट ढिला झाला आहे.

आता खोलण्याविषयी. आदल्या संध्याकाळी नटांवर पातळ तेल सोडून ठेवा. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. चासीखाली पक्की घोडी द्या, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक ठेवा, म्हणजे पाट्यावरचा भार निघतो. नट निघत नसतील तर गॅसने कापा. यू बोल्ट तसेही नवेच घालायचे आहेत, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. पण गॅसची ज्योत पाट्याला लागू देऊ नका आणि शेजारचा ब्रेकचा रबरी पाइप झाकून घ्या. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्या मध्ये तिरपी फाचर असेल तर तिचे जाड टोक कुठल्या बाजूला होते ते काढण्याआधी रंगाने लिहून ठेवा. ती उलटी बसली की स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, गाडी रस्ताभर भटकते, आणि दोष मात्र ड्रायव्हरच्या माथी येतो.

जुडगा खाली उतरल्यावर सेंटर बोल्ट तसाच खोलू नका. पाटे दाबाखाली असतात, उसळून तोंडावर येतात. मोठ्या क्लॅम्पमध्ये आवळून धरा, मग बोल्ट काढा आणि क्लॅम्प हळूहळू सैल करा.

प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासा. मग डिझेल लावा, थोडा वेळ ठेवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. हातोडीने टिचक्या मारल्या की भेगेत राहिलेले डिझेल वर येते आणि खडूवर ओली रेघ उठते. मधले भोक आणि डोळ्याची जागा बारकाईने पाहा. वरच्या पाट्याला खालच्याच्या टोकाने खाच पाडली असेल, किंवा गंजाने खड्डे पडले असतील, तर तो पाटा काढाच. भेग तिथूनच सुरू होते.

भेगाळलेला पाटा वेल्डिंग करून चालत नाही. पाट्याचे पोलाद तापवून, विझवून, पुन्हा ठराविक ताव देऊन केलेले असते; वेल्डिंगच्या उष्णतेने तो ताव जातो आणि पाटा वेल्डिंगच्या शेजारीच मोडतो. अ‍ॅक्सलच्या बीमलाही वेल्डिंग नाही. लोहाराच्या भट्टीत लाल करून कमान चढवलेल्या मेन पाट्याचेही तेच. नवा पाटा घेताना रुंदी, जाडी आणि कमान जुन्याशी जुळवून घ्या. बसलेल्या जुन्या पाट्यांत एकच उभ्या कमानीचा नवा पाटा घातला तर सगळा भार तो एकटा घेतो आणि लवकर मोडतो. "एक पाटा जादा टाका मिस्त्री, दोन टन जास्त बसतील," असे सांगणारे भेटतात. पाटा जादा टाकला म्हणून किंगपिन, बेअरिंग आणि चासीचे रिवेट जाड होत नाहीत. आम्ही टाकून देत नाही.

जुळवताना पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. शॅकलचे बुश आणि पिन जोडीनेच बदला. शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असते कारण भार आला की पाटा सरळ होतो आणि लांबतो. त्याला सरकायला जागा हवी. शॅकल गंजून जाम झाली तर पाटा लांबणार कुठे? तो मोडतो.

यू बोल्टाचे चारही नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा, एकच नट एकदम शेवटपर्यंत नेऊ नका. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून करा, आणि जोर कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्या. नवे पाटे पहिल्या भाराखाली दबतात, त्यामुळे पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा आवळा, आठवड्याने आणखी एकदा. त्या रात्री आम्ही हेही सांगितले नव्हते.

किंगपिनचे पाहू. चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा. किंगपिन काढताना आधी त्याची आडवी कॉटर काढावी लागते. ती विसरून घण घालणारे आम्ही पाहिले आहेत. पिनचे डोके फुगते आणि मग ती कशानेच निघत नाही. जाम पिन प्रेसवर काढावी. नवे बुश वरचा-खालचा एकाच रेषेत रीमरने घासून घ्यावे लागतात. हे घरी अंगणात होत नाही, लेथवाल्याकडेच न्या. शेवटी चाकांचे टो-इन मोजून घ्या, नाहीतर नवे टायर एका हंगामात कडेने खाल्ले जातील.

आता गंज येतो कुठून? यार्डातल्या चिखलात सांडलेला रस असतो, तो आंबतो. पावसाळ्यात हीच गाडी खत वाहते. पोटॅश म्हणून आपण जे वापरतो ते बहुतेक पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचे मीठच. पोती फाटतात, भुकटी फटीतून पाट्यांवर पडते आणि पावसाने ओली होते. खताची खेप केली की त्याच दिवशी खालून पाणी मारा. हंगाम संपल्यावर धुऊन वाळवून ब्रॅकेट आणि यू बोल्टांवर रेड ऑक्साइड लावा. ग्रीस देताना पुढचा अ‍ॅक्सल उचलून चाके लोंबती ठेवा, म्हणजे किंगपिनच्या भाराखाली दबलेल्या बाजूलाही ग्रीस पोचते. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत पंप मारत राहा. निपलातून ग्रीस जातच नसेल तर निपल काढून भोक साफ करा. वरून बोटाने ग्रीस फासून "दिलं" म्हणणारा क्लीनर सगळ्यांकडे असतो.